सरदार बंबोजीराव, मुक्काम छाणी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा बंब आहे. 'जुना' हे मी स्वतःच म्हणतो; दुसऱ्या कुणी म्हटले की मला राग येतो. आम्ही बंब जातीचेच तापट. बंब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आग विझवणारी लाल गाडी उभी राहिली असेल, तर तिला आधी बाजूला करा. ती आग विझवत गावभर हिंडते, मी आग पोटात घेऊन एका जागी बसतो. घरादाराला आंघोळीचे पाणी तापवून देणे हे माझे काम. पोटात मधोमध एक उभे नळकांडे, त्यात खालून विस्तव, भोवती पाणी, डोक्यावर धुराडे आणि पुढे पितळेची तोटी. एवढेच माझे यंत्र. खोटे वाटत असेल तर आजोबांना विचारा.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. हातोडीच्या ठोक्यांचे गोल गोल ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. भास्करराव रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांनी मला गोणपाटात बांधून सोबत आणले. प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये मी माझी उमेदीची वर्षे काढली. थंडीत माझ्यापुढे बादल्यांची रांग लागे, आणि त्यात शेजाऱ्यांच्याही बादल्या असत. दिवाळीच्या पहाटे माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडे. भास्करराव पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमचा बंब आणि डभोईची आगगाडी, दोघांचाही धूर वेळेवर निघतो." हे ऐकले की मी फुगायचो. तसा मी जन्मतःच फुगलेला आहे, ती गोष्ट वेगळी.

पुढे भास्करराव गेले. त्यांचा मुलगा रमाकांत रिफायनरीत लागला आणि त्याने बडोद्याजवळच छाणीला एक टेनामेंट घेतले. पुढे ओटा, मागे भांडी-कपडे धुण्याची फरसबंद चोकडी, असे छान बैठे घर. बायको प्रतिमा मोठी कामसू. एका वर्षी घरात गिझर आला. पांढरा, गुळगुळीत, भिंतीला लटकणारा आणि कान पिळला की पाणी देणारा! गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते काही खोटे नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्या धुराड्यावर जुनी मच्छरदाणी ठेवली होती, आणि पोटात काय होते ते सांगायची मला लाज वाटते. झुरळे होती. भांडी देऊन जुने कपडे घेणारी बोहारीण अधूनमधून दारावर यायची. तिने एकदा मलाही मागितले. बदल्यात स्टीलचा मोठा डबा द्यायला ती तयार होती. "तो नाही द्यायचा," प्रतिमा म्हणाली. का, ते तिने सांगितले नाही. पण मी माळ्यावरून ऐकले आणि मला फार बरे वाटले.

रमाकांत-प्रतिमाची मुलगी आकांक्षा. ती जन्मली तोवर माझी सद्दी संपली होती, त्यामुळे तिने मला कधी पेटलेला पाहिलेच नाही. आकांक्षा गुणी, पण अबोल. शाळेत पाठांतराच्या स्पर्धेला तिला उभे केले, तर पहिल्याच ओळीला तिने रडत आईच्या पदराकडे धाव घेतली होती. तेव्हापासून ती कुठल्याच व्यासपीठावर चढली नाही. इंजिनिअरिंगला गेल्यावरही तिची तीच गत. कॉलेजातून आली की खोलीचे दार बंद, आणि आत कॉम्प्युटर सुरू. प्रतिमा दाराबाहेर उभी राहून विचारायची, "काय करतेस गं आत?" उत्तर यायचे, "काही नाही." आईला या 'काही नाही'ची फार काळजी वाटे.

आत ती एक खेळ खेळायची. त्या खेळातले जग मोठे मजेदार होते. समजा, वीज आलीच नसती, पेट्रोलही सापडले नसते आणि जगाचा सगळा गाडा वाफेवरच चालला असता, तर? मग विमाने वाफेची, हातातली घड्याळे वाफेची, नोकरचाकर म्हणजे पितळेचे यांत्रिक पुतळे. या प्रकाराला 'स्टीमपंक' म्हणतात आणि त्याचे वेडे जगभर आहेत. बडोद्यातही होते. आकांक्षाला ते इंटरनेटवर भेटले, आणि मग दर रविवारी ती शहरातल्या अलकापुरी भागात कुशल नावाच्या मुलाच्या घरी जाऊ लागली. तिथे चार-पाच जण फासे आणि एक मोठा नकाशा घेऊन बसत. नकाशा बडोद्याचाच, पण वाफेच्या बडोद्याचा! त्यात खंडेराव मार्केटच्या गच्चीवर हवाई जहाजे उतरत आणि आत कोबी-फ्लॉवरऐवजी दातेरी चाके किलोवर मिळत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचे. मित्रांनो, तिथे आमची आकांक्षा बोलत असे. जहाजाची कप्तान होऊन ती हुकूम सोडत असे!

कप्तानीणबाईंच्या जोडीला एक यंत्र हवे होते. ते शोधत ती माळ्यावर चढली आणि मच्छरदाणी बाजूला करून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हे काय आहे?" तिने वरूनच विचारले.

"बंब आहे तो. तुझ्या आजोबांचा."

"मला हवा."

अशा रीतीने मी खाली उतरलो आणि सरदार बंबोजीराव झालो. गॅस सिलिंडर ठेवायची चाकांची ट्रॉली मला पायांसाठी मिळाली. शॉवरची लवचिक नळी कापून तिने माझे हात तयार केले. गिझरच्या घरचा माल माझ्या कामी आला, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मोडक्या स्कूटरचे मीटर 'शुक्रवारी' नावाच्या जुन्या बाजारातून आणून तिने माझे डोळे केले. कुशल आणि मंडळी एकदा आमच्या चोकडीत आली. आकांक्षाने पहिल्यांदाच कुणाला घरी बोलावले होते. प्रतिमाने आनंदाच्या भरात सेवउसळ एवढी केली की शेजारच्या नयनाबेनकडेही पातेलेभर गेली. मला पाहून कुशल म्हणाला, "अरे, आ तो जोरदार छे!" मला गुजराती चांगले समजते.

जानेवारीत शहरात एका हॉलमध्ये अशा खेळवेड्यांचा मेळावा भरणार होता. तिथे आपापल्या पात्राचा वेश करून, आपले यंत्र घेऊन मंचावर जायचे आणि त्या यंत्राची हकिगत सांगायची; सर्वांत सरस यंत्राला बक्षीस होते. आकांक्षाने नाव दिले. मंचावर, माईकसमोर, शेकडो लोकांपुढे! माझ्या मानेवर हात ठेवून ती पुटपुटली, "तू बरोबर असलास तर मी बोलेन." त्या दिवसापासून मलाच धडधडू लागले.

आता गंमत ऐका. या लोकांना यंत्र नवेकोरे चालत नाही. ते वापरून वापरून जुने झालेले दिसावे लागते. म्हणून आकांक्षा कित्येक आठवडे माझ्या अंगावर राबत होती. मीठ आणि व्हिनेगर लावून तिने तांब्यावर हिरवट छटा चढवल्या. बुटाच्या तपकिरी पॉलिशने माझे सांधे मळवले. धुराड्याच्या तोंडाशी काळा रंग बोटाने पुसत पुसत खोटा धूर काढला. मला चक्क नव्याने म्हातारे केले म्हणा ना! माझ्या मनाला ते पटत नव्हते, पण पोरीची बोटे माझ्यावरून इतक्या मायेने फिरत होती की मी गप्प बसलो.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी हात आणि डोळे बसवायचे तेवढे बाकी होते. आकांक्षा तालमीसाठी कुशलकडे गेली आणि प्रतिमा चोकडीत आली. मला पाहून तिने कपाळावर हात मारून घेतला. तांब्याला हिरवे चढलेले कुठल्या गृहिणीला बघवेल? आणि हे ध्यान उद्या प्रदर्शनात जाणार! पोरगी आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांपुढे उभी राहणार आणि लोक म्हणणार, हिच्या घरी भांडी घासत नाहीत की काय? तिच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवात समईवर डाग दिसला तरी आठवडाभर चर्चा व्हायची. प्रतिमाने पदर खोचला. चिंच भिजवली, मीठ घेतले, नारळाचा काथ्या घेतला आणि ती माझ्यासमोर बसली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला स्वर्गसुख मिळाले. किती वर्षांनी कुणी माझी पाठ घासत होते! घासता घासता ती स्वतःशीच बोलत होती, "माझ्या छोकरीला कुणी हसायला नको बाबा." मी डोळे मिटून घेतले असते, पण माझे डोळे कोपऱ्यात पडलेले होते. आणि मग मला खालून वाहणारे पाणी दिसले. ते हिरवे होते, तपकिरी होते, काळे होते. आकांक्षाची सगळी मेहनत मोरीत चालली होती. मी ओरडलो असतो, पण न पेटलेल्या बंबाला तोंड असले तरी आवाज नसतो.

संध्याकाळी आकांक्षा आली. मी चोकडीच्या मधोमध लखलखत उभा होतो. मावळतीचे ऊन माझ्यावर पडून भिंतीवर सोनेरी कवडसे नाचत होते.

"बघ," प्रतिमा हौसेने म्हणाली, "तोंड दिसतं त्यात!"

आकांक्षा नुसती बघत राहिली. "आई, हे काय केलंस?"

"चकचकीत केला. किती घाण होता अगं, हिरवा हिरवा..."

"ती घाण मी लावली होती," ती म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "मी उद्या जाणार नाही." आणि तिच्या खोलीचे दार बंद झाले.

प्रतिमा काथ्या हातात धरून चोकडीच्या काठावर बसून राहिली. रमाकांत कामावरून आला. त्याने "अगं, चमकतोय तर छान!" असे म्हणून पाहिले, पण बायकोचा चेहरा बघून तोही मुकाट्याने आत गेला. आपण चांगले करायला गेलो आणि पोरीचे वाटोळे केले, एवढेच तिला कळत होते. काय वाटोळे केले, ते मात्र कळत नव्हते. तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. कुशल होता. आकांक्षा मोबाईल उचलत नाही म्हणून त्याने घरी लावला होता. प्रतिमाने त्याला सगळे सांगितले आणि शेवटी विचारले, "दीकरा, तो दिसायला कसा हवा होता?"

"आंटी, चमकना नहीं चाहिए," तो समजावू लागला. "देखकर ऐसा लगना चाहिए कि रोज़ जलता है."

प्रतिमाने हातातला काथ्या ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "एटलुंज ने? बस, एवढंच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चोकडीत लाकडाच्या ढलप्या आणल्या, नारळाच्या करवंट्या आणल्या, जुनी वर्तमानपत्रे आणली. माझ्या पोटात बादलीने पाणी ओतले. तोटी जराशी गळत होती, तिला चिंधी बांधली. काडेपेटी हातात घेतली, काडी काढली, आणि ती थांबली. काडी परत पेटीत ठेवून ती आत गेली आणि आकांक्षाच्या दाराशी उभी राहिली.

"आकांक्षा," तिने दाराबाहेरून विचारले, "बंब पेटवू का?"

तिने दारावर हलकेच टकटक केली.

"काल विचारलं नाही, चुकलंच माझं. आज विचारते. तू नाही म्हणालीस तर नाही पेटवणार."

दार उघडले. आकांक्षाचे डोळे रात्रभर रडून सुजले होते. "पेटवायचा म्हणजे? खरा?"

"मग? खोटा कसा पेटवतात?"

आणि मित्रांनो, दोघी माझ्यापुढे बसल्या. प्रतिमाने करवंट्या कशा रचायच्या ते दाखवले, आकांक्षाने काडी लावली. आधी नुसताच धूर झाला. मलाही सवय राहिली नव्हती, मी चांगलाच ठसकलो. दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. त्यातले धुराचे किती आणि दुसरे किती, ते मला सांगता येणार नाही. मग ज्वाळेने एकदम ओढ घेतली आणि माझ्या पोटातून तो जुना, ओळखीचा घूं घूं आवाज उठला. "आई, हा बोलतोय!" आकांक्षा ओरडली. प्रतिमा हसत सुटली.

धूर भिंतीपलीकडे गेला तसे नयनाबेनचे डोके वर आले. "प्रतिमाबेन! आ शुं मांड्युं छे? मारां बधां कपडां काळां थई जशे!" पण मला पाहताच त्यांचा सूर बदलला. त्यांच्या माहेरीही असाच एक होता म्हणे. वाळत घातलेले कपडे त्यांनी काढून घेतले आणि जाता जाता म्हणाल्या, "एक डोल मने पण आपजो." त्यांनाही माझ्या पाण्याची एक बादली हवी होती! त्या सकाळी गिझरचे बटण कुणी दाबले नाही. रमाकांतने बापाच्या आठवणीने दोन बादल्या जास्त घेतल्या. आकांक्षा न्हाऊन आली तेव्हा तिच्या ओल्या केसांना माझ्या धुराचा वास येत होता.

आणि माझे रूप? धुराड्याच्या तोंडाशी काजळी बसली होती. खालच्या बाजूला तांबे तापून जांभळे, तांबूस, निळसर झाले होते. तोटीखाली पाण्याचे ओघळ उमटले होते, आणि प्रतिमाचा राखेने भरलेला हात माझ्या पाठीवर उमटला होता. आकांक्षाने घाईघाईने माझे हात-डोळे बसवले. विस्तव काढून टाकला, पण ट्रॉली डुगडुगू नये म्हणून थोडे पाणी पोटात तसेच राहू दिले. रमाकांतने मला जुन्या घोंगडीत गुंडाळून टेम्पोत चढवले.

हॉलमध्ये एकेक अवतार होते. पुठ्ठ्याच्या पंखांचे वैमानिक, सोनेरी रंग मारलेल्या प्लास्टिकच्या बंदुका, टोपीवर घड्याळे लावलेली मंडळी. सगळे एकमेकांचे फोटो काढत होते, एकमेकांच्या कारागिरीला दाद देत होते. इतकी प्रेमळ गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आमचे नाव पुकारले गेले. आकांक्षाने मला ढकलत मंचावर नेले. तिने इंग्रजीत भाषण पाठ केले होते. माईक पुढे आला, तिने तोंड उघडले, आणि शब्दच फुटेना. तिने माझी मान गच्च पकडली. खाली प्रतिमाने पदर घट्ट धरला होता. आता ही पळणार, असे मला वाटले, आणि माझ्या पोटातले पाणी हलले.

परीक्षक बाई भल्या होत्या. त्या उठून जवळ आल्या आणि वेळ निभावून नेण्यासाठी त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. झटकन मागे घेतला. "अरे! आ तो गरम छे!"

सगळा हॉल हसला. बाईही हसल्या आणि त्यांनी विचारले, हा काळा-जांभळा रंग कोणता वापरलास?

"रंग नथी," आकांक्षा म्हणाली. मग ती थांबली नाही. कधी गुजरातीत, कधी हिंदीत, मध्येच चक्क मराठीत बोलत राहिली. "आज सकाळी पेटवला होता. हा काळा धूर खरा आहे, हा डाग विस्तवाचा आहे आणि हा हात माझ्या आईचा आहे. मी याला इतके दिवस खोटं म्हातारं करत होते. काल आईनं ते सगळं घासून टाकलं, तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. हा वाफेवर चालतो, असं मी खेळात सगळ्यांना सांगायचे. पण याला पेटलेला मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्या आईनं पाहिला होता. मी तिला कधी विचारलंच नाही."

मग ती वाकून खाली बघत म्हणाली, "आई, वर येतेस का?"

प्रतिमाने मानेने जोरात नाही म्हटले. रमाकांतने तिला हळूच ढकलले. ती चपला वाजवत मंचावर आली, इतक्या लोकांकडे बघून गोंधळली आणि सवयीने पदराच्या टोकाने माझा मीटरचा डोळा पुसू लागली. तेवढ्यात तिला काहीतरी आठवले. तिने हात आवरला आणि लेकीकडे पाहिले. "हे पुसलं तर चालेल ना?"

"चालेल, आई," आकांक्षा म्हणाली आणि भर मंचावर तिच्या गळ्यात पडली. टाळ्या किती वेळ वाजत होत्या ते मला ठाऊक नाही. बक्षीस एका हवाई जहाजवाल्याला मिळाले. जहाज खरेच सुंदर होते, मी उगाच नावे ठेवणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला खाली आणा, त्याच्या पोटातली झुरळे काढा आणि थंडीत एकदा तरी पेटवा. पण एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. एखाद्याच्या आवडीच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा, मग तुमचा हात कितीही मायेचा असो. आणि कुणी न विचारता, प्रेमापोटी तुमचे काही बिघडवलेच, तर खुशाल रागवा, दारसुद्धा लावून घ्या. मात्र बाहेरून आईचा आवाज आला, की ते उघडा.